फॅमिली डॉक्टरला पैसे कोण देणार?

सासूबाईंचं वय वंदना कार्ड आलं. सत्तरीच्या आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने हे सुरू केलं. चांगलं आहे, नावं ठेवायला बसलेली नाही. पण त्यांना खरं लागतं काय? बीपी-शुगरच्या गोळ्या, महिन्याला डॉक्टरची फी, अधूनमधून रक्ततपासणी. हे सगळं आमच्या खिशातून. कार्ड चालतं ते ॲडमिट झाल्यावर. महात्मा फुले योजनेचंही गणित साधारण तेच.

आता आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या डॉक्टरांचं ऐका. मागच्या थंडीत सासूबाई खोकल्याचं औषध मागायला गेल्या. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, "आजी, झोपताना उशा किती घेता?"
"तीन. आडवं झालं की दम लागतो."
"दिवाळीत मी घरी आलो होतो तेव्हा एकच होती."
मग नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला तर तिथे खळगा तसाच. खोकल्याचं औषध राहिलं बाजूला, त्याच दिवशी टूडी इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला पाठवलं. फी घेतली १०० रुपये.

उशी एकाची तीन झाली हे कुठल्याही रिपोर्टमध्ये येत नाही. ते कळायला त्याच माणसाने तोच पेशंट वर्षानुवर्षं बघावा लागतो. आणि नेमक्या याच कामाला या दोन्ही योजनांत पैसा नाही. वर जे डॉक्टर मोठ्या हॉस्पिटलला पेशंट पाठवून कट घेतात, त्यांना एका चिठ्ठीत महिनाभराची फी सुटते. आमचे डॉक्टर घेत नाहीत. पण त्यांचा मुलगा एमडी करून गंगापूर रोडला गेला, या दवाखान्यात बसणार नाही म्हणतो. मी तरी कुठल्या तोंडाने त्याला बस म्हणू?

मी अंबडच्या एका कंपनीत पगाराचं काम बघते, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, माझ्या रोजच्या पाहण्यातला. २१,००० रुपये पगारावर कामगाराचे पाऊण टक्का म्हणजे १५७ रुपये ५० पैसे, मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे ६८२ रुपये ५० पैसे. त्यात ॲडमिट होणं येतं, तसं साधं तापाचं औषधही येतं, आणि घरच्यांचंही. मूळ कायदा १९४८ चा, तरी बाहेरची ओपीडी धरण्याची अक्कल त्यात होती. गंमत पुढे आहे. २१,००० ची मर्यादा २०१७ पासून हललेली नाही. इन्क्रिमेंट लागून कामगार २१,५०० वर गेला की ती सहामाही संपताच ईएसआयच्या बाहेर. मग ग्रुप मेडिक्लेम, जो पुन्हा ॲडमिट झाल्यावरच चालतो. एक ऑपरेटर मला म्हणाला होता, "मॅडम, वाढ दोन महिने पुढे ढकला ना, बायकोचं औषध चालू आहे."

याच ईएसआयमध्ये पॅनेल डॉक्टरची पद्धत आहे. आपलाच दवाखाना चालवणारा खासगी डॉक्टर, त्याच्या यादीत जेवढे कामगार, तेवढ्या माणशी वर्षाचे ठरलेले पैसे. इंग्लंडातही पाया हाच. माझी भाची लेस्टरला असते. तिचा जीपी, म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर, सरकारी नोकर नाही, त्याच्या प्रॅक्टिसचा सरकारशी करार आहे. नोंदलेल्या पेशंटमागे पैसे, म्हातारे आणि आजारी जास्त असतील तर हिशेबात वजन जास्त. २००४ पासून बीपी-शुगर नीट ठेवल्याचे वेगळे गुण आणि त्या गुणांचे पैसे. त्यात भरायचे रकाने इतके वाढले की २०२५-२६ च्या करारात बरेचसे काढून टाकावे लागले. फॅमिली डॉक्टर परत आणू, असं तिथलं सरकारही आता म्हणतंय. म्हणजे तिथेही सगळं आलबेल नाही. भाची सकाळी ८ वाजता फोन लावून बसते, तोवर त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट संपलेल्या असतात.

दोष मलाही दिसतो. माणशी पैसे आधीच मिळाले की डॉक्टरला पेशंट लवकर कटवावासा वाटू शकतो. पण निदान पेशंट आजारी पडण्यात त्याचा फायदा उरत नाही.

आपल्याकडे सध्याचा उपाय म्हणजे सरकारचे "आपला दवाखाना" आणि शहरी आरोग्यवर्धिनी केंद्रं. औषधं फुकट मिळतात, हातावर पोट असणाऱ्याला मोठा आधार आहे. पण पैसा मुदतीचा. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांना आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी ठेवले, ते २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी. मुदतीच्या पैशावर नेमणूकही मुदतीचीच होणार. कंत्राटी तरुण डॉक्टरच्या खणात पीजी प्रवेशाची पुस्तकं असणार, त्यात त्याची काय चूक? पण त्याने उशा कधी मोजायच्या?

म्हणून माझं म्हणणं असं: सिडको किंवा सातपूरचा एखादा प्रभाग घ्या. तिथे आधीपासून दवाखाना थाटून बसलेल्या डॉक्टरांशीच मनपाने करार करावा. घरटी नाही, माणशी पैसे. साठीच्या पुढच्यांचे आणि बीपी-शुगरवाल्यांचे जास्त. डॉक्टर आवडला नाही तर वर्षाने बदलायची मुभा. रकाने चारच. आणि पैसे तिमाहीच्या सुरुवातीला खात्यात, बिलं पास होण्याची वाट न बघता. सिडकोत निम्म्याहून जास्त पाट्या बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टरांच्या दिसतात, त्यांना कुठल्या अटीवर घ्यायचं हा वाद होईल. तो उघड होऊ द्या. आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे, नियम लिहायला लांब जायला नको.

आमच्या डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "योजना झकास आहे. पहिला हप्ता कधी?" त्यांना उशिरा येणाऱ्या सरकारी पैशाची धास्ती आहे, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं.

हे वाचणाऱ्यांत आयएमए आणि निमा या डॉक्टरांच्या संघटनांचे बरेच जण आहेत. माणशी वर्षाला किती रुपये मिळाले तर तुम्ही अशी पेशंटची यादी घ्याल? खाली आकडा लिहा. तत्त्वज्ञान नको, आकडा.