हद्द ओलांडल्याची सूचना उशिरा का येते? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

कुत्र्याला हाकेसरशी परत यायला शिकवताना जीपीएस ट्रॅकर कसा वापरावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेरू दोन वर्षांचा इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा. लेख वाचून तुम्ही सिमवाला ट्रॅकर घेतलात आणि त्याच्या ॲपमध्ये घराभोवती ३० मीटरची हद्द आखलीत. शेरू सोफ्यावर झोपलेला असताना दिवसातून चार-पाच वेळा ‘हद्द ओलांडली’ अशी सूचना यायची. तो खरोखर फाटकातून निसटला त्या दिवशी मात्र सूचना आली दोन मिनिटांनी. घाबरून तुम्ही ॲपमधलं कंपनाचं, म्हणजे गळ्यातला ट्रॅकर थरथरवणारं बटण दाबलंत, तर तो रस्त्यातच अंग चोरून बसला. आता कॉलर दिसली की पलंगाखाली जातो. तुम्ही विचारता: ‘एकीकडे प्रेमानं शिकवा म्हणता, दुसरीकडे गळ्यात यंत्र बांधायला लावता. नीट शिकवलं असेल तर ट्रॅकर कशाला? आणि शिकवलं नसेल तर ट्रॅकर काय करणार?’

शेरू सुखरूप घरी आला हे वाचून जीव भांड्यात पडला. हद्द आणि कंपन या दोन्ही बाबतींत तुमचा राग रास्त आहे. लेखात हद्दीवर एकच वाक्य होतं आणि कंपनावर एकही नव्हतं. ती उणीव माझी. पण ट्रॅकर कपाटात टाकण्याआधी हे वाचा.

आधी ती दोन मिनिटं. ट्रॅकर सतत उपग्रहांशी जोडलेला नसतो. तसं केलं तर बॅटरी काही तासांत संपेल. म्हणून बऱ्याच ट्रॅकरमध्ये अशी सोय असते की घरचं वायफाय दिसत असेपर्यंत जीपीएस झोपलेलं राहतं. शेरू फाटकाबाहेर पडला तरी वायफाय आणखी वीस-तीस मीटर मिळत राहतं. ते तुटलं की जीपीएस जागं होतं. उपग्रहांच्या कक्षेची माहिती ताजी असेल तर काही सेकंदांत जागा कळते. पण ही माहिती साधारण चार तासच कामाची असते. ती शिळी झाली असेल आणि ट्रॅकरला नेटवर्कवरून नवी मिळत नसेल, तर ती उपग्रहाकडूनच उतरवून घ्यावी लागते, आणि त्याला मोकळ्या आकाशाखालीसुद्धा सुमारे अर्धा मिनिट लागतो. मध्येच इमारतीची भिंत आड आली की तीच माहिती पुन्हा येण्याची वाट बघायची. त्यानंतर ती जागा सिमवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाते, तिथून तुमच्या फोनकडे. आणि फोननं बॅटरी वाचवायला ते ॲप झोपवलेलं असेल तर सूचना तिथेही अडकते. प्रत्येक टप्प्यावर दहा-वीस सेकंद गेले तरी दोन मिनिटं भरतात. दुडक्या चालीनं जाणारा कुत्रा सेकंदाला तीनेक मीटर कापतो, म्हणजे तेवढ्या वेळात साडेतीनशे मीटर. त्यामुळे हद्दीची सूचना हे कुंपण नाही. सूचना येईपर्यंत शेरू दोन चौक ओलांडून गेलेला असेल, हे धरूनच चालायचं.

खोट्या सूचनांचं कारण वेगळं आहे. मोकळ्या मैदानात जीपीएसची चूक तीन ते पाच मीटर असते. पण वायफाय क्षणभर तुटून जीपीएस घरातच जागं झालं, तर स्लॅबखाली सिग्नल सरळ येत नाही, समोरच्या इमारतीवर आपटून खिडकीतून आत येतो. तो लांबून आलेला असल्यामुळे ट्रॅकरचा हिशोब चुकतो आणि सोफ्यावरचा शेरू रस्त्यापलीकडे दिसतो. अशा ठिकाणी ३० मीटरची हद्द खोटं बोलणारच. ती १०० मीटर करा. फोनच्या सेटिंगमध्ये या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा. मग एक चाचणी घ्या: ट्रॅकर स्वतःच्या खिशात टाका, फाटकातून बाहेर पडा, हद्दीबाहेर जा आणि तिथून पुढे सूचना यायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजा. सकाळी, दुपारी, रात्री, असं तीनदा. त्यातला सर्वांत मोठा आकडा हाच तुमच्या घरचा खरा उशीर. तो कागदावर लिहून फ्रिजवर लावा, म्हणजे घरातलं कुणी ‘ट्रॅकर आहे की’ म्हणून फाटक उघडं टाकणार नाही. निसटण्यावरचा उपाय आपोआप मिटणारी स्प्रिंग आणि आतल्या बाजूला जाळीचं दुसरं दार हाच आहे.

आणखी एक पाहून घ्या. काही स्वस्त ट्रॅकर फक्त टूजीवर चालतात. जिओचं टूजी नाही, त्यामुळे अशा ट्रॅकरमध्ये जिओचं सिम चालणारच नाही. घाटात किंवा शेतावर जाणार असाल तर तिथे कुठल्या कंपनीची रेंज येते ते आधी विचारा. चावीला लावायचा ब्लूटूथ टॅग स्वस्त पडला असता, असंही तुम्ही लिहिलं आहे. त्यात जीपीएस नसतं. आसपासच्या फोनांनी त्याला पाहिलं तरच जागा कळते. निर्मनुष्य टेकडीवर तो मुका असतो. शिवाय त्यातली बटणासारखी बॅटरी कुत्र्यानं चावून गिळली तर अन्ननलिका भाजते. तसं झालं तर उलटी करवू नका, तडक डॉक्टर गाठा.

आता ट्रॅकर ठेवायचा कशासाठी, ते सांगतो. सूचना उशिरा पोचते, पण कुत्रा कुठे कुठे गेला याची जी नोंद ॲपमध्ये नकाशावर राहते, तिच्यातल्या प्रत्येक ठिपक्यावरची वेळ उपग्रहांच्या घड्याळावरून आलेली असते आणि ती अचूक असते. म्हणून ट्रॅकरचा उपयोग घटना घडत असताना फार थोडा आणि घरी आल्यावर चहा घेत नोंद वाचताना भरपूर. आपल्या डोळ्यांना आणि स्मरणाला जे नीट दिसत नाही ते तिथे दिसतं.

एक उदाहरण घेऊ. चारी बाजूंनी कुंपण असलेलं मैदान किंवा ओळखीच्यांचं शेत शोधा. ट्रॅकर सुरू करून दोन-तीन मिनिटं उघड्यावर धरा, म्हणजे उपग्रह पकडले जातील. मगच कॉलरला लावा आणि लाइव्ह ट्रॅकिंग चालू करा. बहुतेक ट्रॅकर तेव्हा दोन-तीन सेकंदाला एक ठिपका टाकतात. फोनवर आवाजाचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि सुरुवातीला घड्याळातली वेळ सेकंदासकट मोठ्यानं म्हणा. मग शेरू स्वतःच्या नादात असताना एकदाच शिट्टी वाजवा. आला की खाऊ द्या आणि पुन्हा मोकळा सोडा. अर्ध्या तासात अशा पाच-सहाच हाका, जास्त नाही.

घरी आल्यावर नोंद उघडा. समजा शिट्टी ६ वाजून १२ मिनिटं १० सेकंदांनी वाजली. १२, १५, १८ सेकंदांचे ठिपके अजून तुमच्यापासून लांबच सरकताहेत आणि २१व्या सेकंदाच्या ठिपक्यापासून वळण दिसतं. म्हणजे वळायला अकरा सेकंद लागले. मैदानावर तुम्हाला वाटलं होतं, ‘हाक मारली आणि आला.’ रस्त्याच्या कडेला अकरा सेकंद परवडणारे नाहीत. दहापैकी आठ वेळा पाच सेकंदांच्या आत वळण दिसेपर्यंत मैदान बदलू नका आणि अंतर वाढवू नका. तुमच्या ॲपमध्ये फक्त तास-मिनिट दिसत असतील तर नोंद जीपीएक्स फाइलमध्ये (जागा आणि वेळ साठवणारी फाइल) उतरवता येते का पाहा, त्यात सेकंद असतात. आणि दहा मीटरच्या आतल्या फरकांवरून काही ठरवू नका, ती यंत्राची चूकही असू शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे ठिपक्यांची गर्दी. रोजच्या फेरीची आठवडाभराची नोंद एकावर एक ठेवली की दोन-तीन ठिकाणी ठिपके दाटलेले दिसतात. पट्ट्यावर फिरणारा कुत्राही तिथे थांबतो, ओढतो. जाऊन बघा. चायनीजच्या गाडीमागे टाकलेली हाडं असतील, नाहीतर मांजरीची पिल्लं असलेलं कुंपण असेल. तुमच्या हाकेचा खरा प्रतिस्पर्धी तिथे बसला आहे. बिस्किटाच्या तुकड्यानं तो हरणार नाही. तिथून चाळीसेक मीटरवर उभं राहून हाक मारायची, वाटाण्याएवढे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे तुकडे एकामागून एक चार-पाच द्यायचे, आणि मग ‘जा’ म्हणून वास घ्यायला सोडायचं. हाड खाऊ द्यायचं नाही, पण त्या बाजूचं गवत हुंगू द्यायचं. ज्याच्यासाठी कुत्रा ओढतो तेच बक्षीस झालं की हाक म्हणजे मजा संपली, असा अर्थ त्याच्या डोक्यात बसत नाही. बऱ्याच घरांत हाक बिघडते ती इथेच. बागेत दिवसभरात एकदाच हाक मारली जाते, आणि ती घरी जायला.

हे सगळं करताना कुंपण नसेल तिथे दहा मीटरची लांब दोरी हवीच. ती हार्नेसच्या, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याच्या, पाठीवरच्या कडीला लावायची, कॉलरला कधीच नाही. धावत्या कुत्र्याला दोरी संपल्यावर बसणारा हिसका मानेला इजा करतो. हातात मोजे घाला आणि दोरी बोटांना गुंडाळू नका. पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा जिथे मोर, ससे आहेत अशा कुठल्याही ठिकाणी दोरी सोडू नका, ट्रॅकर असला तरी. मोराला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि एकदा पाठलागाची चटक लागली की ती सोडवणं फार अवघड जातं.

आता कंपन. यावर मी मुद्दाम थांबतो, कारण शेरूचं नुकसान तिथे झालं आहे. बटण दाबल्यावर आज्ञा तुमच्या फोनवरून सर्व्हरकडे, तिथून मोबाइल नेटवर्कवरून ट्रॅकरकडे जाते. कधी दोन सेकंद लागतात, कधी दहा, कधी त्याहून जास्त. कुत्रा मात्र एखादी गोष्ट त्या क्षणी तो काय करत होता त्याच्याशी जोडतो. म्हणूनच क्लिकर (टक् असा आवाज करणारी छोटी डबी) वाजवून शिकवताना बक्षिसाची खूण एका सेकंदाच्या आत द्यायची असते. तुम्ही बटण दाबलंत तेव्हा शेरू पळत होता. गळ्याशी थरथर झाली तेव्हा कदाचित तो थांबून तुमच्याकडे वळलेला असेल. मग त्याच्या दृष्टीनं शिक्षा झाली ती वळण्याची. कधीच न अनुभवलेली थरथर थेट गळ्याशी, आजूबाजूला रहदारी, यात कुत्रा गोठणं अगदी स्वाभाविक आहे. त्यात शेरूचा हट्ट नाही आणि तुमच्या शिकवण्याचाही दोष नाही.

म्हणून सिमवरच्या ट्रॅकरचं कंपन शिकवण्यासाठी वापरायचं नाही, ना खूण म्हणून, ना दटावणी म्हणून. हाकेसाठी शिट्टी घ्या. ती तत्क्षणी पोचते आणि तिला रेंज लागत नाही. ॲपमधून ट्रॅकरवर वाजवता येणाऱ्या आवाजाचा उपयोग एकच: कुत्रा अंधारात झुडपात दडला असेल तर शोधायला. बहिऱ्या कुत्र्याला कंपनानं बोलवता येतं, पण त्यासाठी हातातल्या रिमोटवर थेट चालणारी कॉलर लागते. तीही आधी गळ्यात घालायची नाही. रुमालात गुंडाळून हातात धरायची, सर्वांत हलकं कंपन अर्धा सेकंद द्यायचं, लगेच खाऊ. पंधरा-वीस वेळा, दोन-तीन बैठकींत. थरथर जाणवताच कुत्रा खाऊ शोधत तुमच्याकडे बघू लागला की मग गळ्यात. खरेदी करताना एवढं पाहा की त्याच कॉलरमध्ये विजेच्या झटक्याचं बटण नाही. काही दुकानदार दोन्ही एकत्र विकतात. वेल्समध्ये २०१० पासून झटक्याच्या कॉलरवर बंदी आहे. आपल्याकडे ती येईपर्यंत निदान आपल्या घरात तरी ती नको.

आता शेरूसाठी. ही कॉलर काही दिवस बाजूला ठेवा आणि ट्रॅकर चार्जिंगला लावून विसरा. फिरायला नेताना फक्त हार्नेस आणि पट्टा, हार्नेसवर तुमच्या फोन नंबरचा बिल्ला. पलंगाखालून त्याला ओढून काढू नका. कॉलर जमिनीवर ठेवून तिच्यापासून दोन मीटरवर खाऊ पसरा आणि तुम्ही तिथून दूर व्हा. रोज थोडं जवळ. तो स्वतःहून कॉलरशेजारचा खाऊ खाऊ लागला की कॉलरचा मोठा वेढा करून धरा, पलीकडे खाऊ दाखवा आणि तोंड आत घालणं त्याच्यावर सोडा. बकल लावणं त्यानंतर, आणि पहिल्यांदा पाच सेकंदांसाठीच. ट्रॅकर शेवटी, तोही बंद ठेवून. यासाठी एक आठवडा लागेल किंवा तीन, घाई करू नका. जमलं तर कॉलरचा रंग आणि कापड बदला, सुरुवात सोपी होईल.

नवी कॉलर घेणार असाल तर आणखी दोन बारकावे. इंडीचं डोकं अनेकदा मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, साधी कॉलर मागे सरकत निघून जाते. मार्टिंगेल कॉलर ताण आला की डोक्यापेक्षा लहान होते, पण आवळत नाही, तशी घ्या. घरात कुणी लक्ष ठेवून नसताना ती काढून ठेवा. ट्रॅकर फिरत फिरत गळ्याखाली येतो आणि त्याचा अँटेना जमिनीकडे होतो, म्हणून समोरच्या बाजूला बिल्ला आणि वर ट्रॅकर असं वजन वाटून घ्या. पावसाळ्यात रोज संध्याकाळी कॉलर काढून मान कोरडी पुसा, ट्रॅकरखालचे केस बाजूला करून कातडी बघा. ओलसर, लालसर डाग आणि गोचिड्या तिथेच लपतात. ट्रॅकरवर पाण्यापासून बचावाची खूण म्हणून लिहिलेलं आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, नदीत रोज पोहणं नव्हे. चार्जिंगच्या पिना जुन्या टूथब्रशनं कोरड्याच घासा.

आणि तो पुन्हा निसटलाच तर: मागे धावू नका, नाव घेऊन ओरडू नका. लाइव्ह ट्रॅकिंग चालू करा. बॅटरी वीस टक्क्यांखाली असेल तर दर दोन-पाच मिनिटांचा ठिपका ठेवा, रात्र निघाली पाहिजे. शेवटच्या तीन-चार ठिपक्यांवरून तो चालतो आहे की दडून बसला आहे ते ओळखा. जवळ पोचलात की समोरून न जाता बाजूनं जा, पाठ वळवून खाली बसा, पिशवी वाजवत चिकनचे तुकडे आपल्या मागे टाका. तो आला की आधी खाऊ द्या, पट्टा नंतर लावा. रागावण्यासाठी एक शब्दही नको, कारण त्या दिवशी त्यानं केलेली शेवटची गोष्ट तुमच्याकडे परत येणं ही असेल.

शेरू कॉलरमधून स्वतःहून तोंड घालू लागला की कळवा. मैदानावरच्या पहिल्या नोंदीची फाइल पाठवलीत तर शिट्टीच्या वेळा लावून आपण ती एकत्र वाचू.