काटा नाही, तरी नाव हिचंच!

आमची आई सांगोल्याकडची, लग्न होऊन कोकणात आलेली. घरामागच्या उतारावरची ऑस्ट्रेलियन बाभूळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाली, "काटा नाही, तर बाभूळ कसली ही?" सगळे हसले होते.

आता मला तिचंच पटतं. या झाडांच्या घराण्याचं शास्त्रीय नाव 'अकेशिया'. ते ग्रीकातल्या काट्यावरून आलेलं, आणि शास्त्रात ते ज्या झाडावर बेतलेलं होतं ती आपली काटेरी बाभूळच. पण ऑस्ट्रेलियातल्या बिनकाट्याच्या भाऊबंदांच्या जाती हजाराच्या घरात. एवढ्यांची नावं कोण बदलत बसणार? म्हणून २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत नाव त्यांना गेलं. २०११ ला त्यावर शिक्कामोर्तब झालं, तेही कुठं, तर मेलबर्नला! आपली बाभूळ झाली 'वॅचेलिया'. सोय म्हणून ठीक आहे हो, पण मूळ मालकाला घराबाहेर काढून भाडेकरूच्या नावावर सातबारा केल्यासारखं वाटतं.

बरं, त्यांच्याकडे या झाडांना स्वतःचं झकास नाव आहे, 'वॉटल'. म्हणजे आपला कूड. पहिल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी यांच्या आणि तिथल्या इतर झाडांच्या काटक्या विणून, वर माती लिंपून भिंती उभ्या केल्या. आपण कारवीच्या करतो तशाच.

आमच्या उतारावरच्या झाडावर माझा राग नाही. तिकडे ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, डार्विन शहराच्या बाजूला निलगिरीच्या विरळ रानात, ओढ्याकाठी ते चारचौघांतलं एक. पिवळ्या तुऱ्यांनी फुलतं, शेंग कानासारखी वळते, आत केशरी दोऱ्याला काळी बी लोंबते आणि पाखरं ती पळवतात. आपण मात्र ते रांगेनं लावलं, डोंगरच्या डोंगर. खाली पाचोळ्याचा हा थर, गुरांना गवताची काडी नाही. वाऱ्यात फांद्या कडाकडा मोडतात. जळण मात्र एक नंबर, ते कबूल.

गेल्या पावसात गडग्याशी रुजलेलं बोटभर रोप उपटून आईला दाखवलं. मोठ्या झाडावर आपण ज्याला पान म्हणतो तो खरं तर चपटा झालेला देठ. खरं पान दिसतं ते कोवळ्या रोपालाच, तेही थोडे दिवस. बारीक बारीक दलांचं, थेट बाभळीसारखं.

आईनं रोप उजेडात धरून निरखलं. "पाला बाभळीचाच आहे बाई," म्हणाली. मग देठावरून अंगठा फिरवून, "पण काटा कुठाय?"