गटारातला व्हेरियंट नळाला येत नाही

सध्या वाशी-नेरुळच्या सोसायटी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: ‘सांडपाण्यात कोरोनाचे व्हेरियंट सापडतात म्हणजे नळाचं पाणी दूषित आहे. लाखो लोकांच्या घाणीतून व्हेरियंट ओळखणं शक्यच नाही. हे सगळं घराघरावर पाळत ठेवायचं निमित्त.’ आता ओळखताच येत नसेल तर पाळत कसली ठेवणार, एवढं तरी लिहिणाऱ्याने ठरवायचं होतं.

आधी पाण्याचं. नवी मुंबईच्या नळाला मुख्यतः मोरबे धरणाचं पाणी येतं, शुद्ध करून, क्लोरिन घालून. मैला वेगळ्या वाहिनीने एसटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला, जातो. तिथल्या नमुन्यात सापडतात ते बहुतेक विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय साहित्याचे, तुकडे, बाधित माणसाच्या विष्ठेतून आलेले. पाणी उकळून प्यायचं तर खुशाल प्या, पावसाळ्यात त्याला दुसरी कारणं आहेत.

पाळतीचं म्हणाल, तर एसटीपीच्या तोंडाशी भरलेल्या बाटलीत अख्ख्या नोडचा, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या एका उपनगराचा, मैला असतो. त्यातून फ्लॅट नंबर काढणारा अजून जन्मायचाय. मुंबईत पोलिओसाठी २००१ पासून सांडपाणी तपासतात, त्यातून कुणाचं घर उघड झालं?

राहिलं ‘शक्यच नाही’. नमुना बर्फात ठेवून लॅबला नेतात, त्यातला विषाणूचा अंश एकवटतात, आरटी-पीसीआर करतात, मग सिक्वेन्सिंग, म्हणजे आरएनएतला अक्षरांचा क्रम वाचणं. प्रत्येक व्हेरियंटच्या म्युटेशनचा, म्हणजे त्या क्रमातल्या बदलांचा, संच वेगळा, त्यामुळे मिश्रणात कुठला संच किती, हे गणिताने काढता येतं. सॅन दिएगोतल्या २०२२ च्या अभ्यासात काही व्हेरियंट रुग्णांच्या नमुन्यांपेक्षा १४ दिवसांपर्यंत आधी सांडपाण्यात दिसले होते. नमुन्यात मैला किती आणि नुसतं पाणी किती, हे कळायला अनेक लॅब मिरचीच्या झाडावरचा एक विषाणू मोजतात. तो जेवणातून पोटात जातो आणि तसाच बाहेर पडतो. ठेचा खाणाऱ्या आपल्या लोकांत त्याला काय तोटा!

यातून रुग्णांचा नेमका आकडा मात्र निघत नाही, आणि पावसाचं पाणी गटारात शिरलं की नमुना पातळ होतो. खरी उणीव वेगळीच आहे. सेप्टिक टँकवर चालणाऱ्या, मलवाहिनीला न जोडलेल्या वस्त्या एसटीपीच्या बाटलीत येतच नाहीत. तिथे नवा व्हेरियंट आला तर ही तपासणी गप्पच राहील. तक्रार करायचीच असेल तर ही करा की.