विरहात 'राहणं' कुठून आलं?

चातुर्मास लागला की आमच्या इंदुरात कथा-प्रवचनांना ऊत येतो आणि त्यांच्या क्लिपा व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. परवा रामबागेतल्या मावशींनी एक पाठवली. 'वि' म्हणजे विशेष, 'रह' म्हणजे राहणं. माणूस दूर गेलं की मनात विशेष रूपाने राहतं, म्हणून विरह! खाली जोडलेल्या हातांची रांग. ऐकायला गोड, पण साफ चूक.

संस्कृतात रह् धातूचा अर्थ सोडणे, टाकणे. रहित आणि विरहित त्यातलेच. रहस् म्हणजे एकांत, त्यावरून रहस्य. म्हणजे विरहात कुणी 'राहत' वगैरे नाही, कुणीतरी सोडून गेलेलं असतं. मला हा बोचरा अर्थच जास्त आवडतो.

कोशात विरहाशेजारी वियोग, दुरावा, ताटातूट सगळे एका ओळीत बसवलेले दिसतात. पण वियोग युज् म्हणजे जोडणे यातून आला. बैलांच्या मानेवरचं जू हे त्याच धातूच्या 'युग' शब्दाचं मराठी रूप. तेव्हा वियोगाला आधी जोडी लागते. दुराव्याला अंतरसुद्धा लागत नाही, एका स्वयंपाकघरात दोघं असली तरी पुरतं. आणि फारकत तर चक्क दफ्तरातली: मूळ फारसी फारिगखती, म्हणजे मोकळीक दिल्याचा कागद.

विरहाचं खरं मर्म मात्र भरताच्या नाट्यशास्त्रात सापडतं. तिथे विप्रलंभ शृंगार, म्हणजे ताटातुटीतलं प्रेम, 'सापेक्ष' आणि करुण रस 'निरपेक्ष' म्हटलाय. भेटीची आशा शिल्लक आहे तोवर विप्रलंभ, ती संपली की करुण. मुलगा पुण्याला नोकरीला आहे आणि दिवाळीचं रिझर्व्हेशन वेटिंगमध्ये अडकलंय, हा झाला विरह. आई रोज पीएनआर बघते ना, ती त्यातली अपेक्षा.

कालिदासाच्या मेघदूतात शापाने दूर पडलेला यक्ष ढगाकरवी बायकोला निरोप धाडतो. त्याच्या पहिल्याच ओळीत विरह हा शब्द आहे आणि तिथेही हिशेब पक्का आहे. यक्षाला शाप एका वर्षाचा, उरलेत चार महिने, सुटका विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा. म्हणजे आपली कार्तिकी एकादशी. तो शाप भोगतोय ती रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक असं बरेच जण मानतात. तिथून निघालेल्या ढगाला कालिदास वाट वाकडी करून उज्जैनला पाठवतो, महाकालाच्या आरतीला थांबवतो. (आमच्याकडे येणाऱ्या नागपूरच्या पाहुण्यांचंही अजून हेच चालू आहे.) तारीख ठरलेली असूनही तो यक्ष वाळून गेलाय, हातातलं कडं गळून पडलंय.

म्हणून श्रद्धांजलीच्या जाहिरातीत 'आपल्या विरहात शोकाकुल' वाचलं की मला खटकतं. गेलेल्या माणसाची वाट कशी बघणार? तिथे वियोग लिहा, निधनाने लिहा, नाहीतर नुसतं शोकाकुल पुरे. मजकूर लावणाऱ्या पोराला दोष नाही, तो मागच्या जाहिरातीतलं नाव बदलून देतो. घरातल्या कुणीतरी छापायच्या आधी एकदा वाचावं.