फुकटचा पंखा आणि आमची कमिटी

जुनी कॅथलिक चर्चेस सांभाळणारी जी धर्मप्रांताची कमिटी असते ना, त्यावर मी आहे. म्हणजे लोकांच्या लेखी मी तो माणूस, जो फुकट मिळालेला पंखासुद्धा चर्चमध्ये लावू देत नाही. पगार नाही. चहा मिळतो, पण तो ज्यांचा अर्ज असतो तेच पाजतात, त्यामुळे अर्ज नाकारायचा असेल तर आधी चहा पिऊन घ्यावा हे मी अनुभवाने शिकलोय.

नवीन फादर आले की आमच्या पोटात गोळा. पहिला महिना ते काही बोलत नाहीत, नुसते वेदीकडे एक डोळा बारीक करून बघतात, आणि मग एक दिवस "कौन्सिलने सांगितलंय" म्हणून संगमरवरी वेदी आणि तिच्यापुढचा कठडा हलवायचा अर्ज येतो. कौन्सिल म्हणजे दुसरी व्हॅटिकन परिषद. तिचा उपासनेवरचा १९६३चा दस्तऐवज काढून बघा, त्यात वेदी हलवा असं एक अक्षर नाही, उलट कलम १२६ म्हणतं की बिशपांनी मौल्यवान वस्तू विकल्या जाणार नाहीत, इकडेतिकडे जाणार नाहीत याकडे लक्ष ठेवावं. वेदी भिंतीपासून सुटी असलेली बरी हे आलं व्हॅटिकनच्या १९६४च्या सूचनापत्रात, पण "बरी" आणि "घण आणा" यात फरक आहे की नाही? बर्मिंगहॅमच्या सेंट चॅड्स कॅथेड्रलमध्ये (बांधकाम १८४१चं, आर्किटेक्ट प्युजिन) वेदीच्या पुढे एक नक्षीदार लाकडी जाळीचा पडदा होता, तो १९६७ मध्ये काढला आणि आज तो रेडिंगच्या एका अँग्लिकन चर्चमध्ये ऐटीत उभा आहे, म्हणजे आपण अडगळ म्हणून काढलं आणि शेजाऱ्यांनी दिवाणखान्यात मांडलं.

कायद्याचंही तसंच. कॅनन (म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम) १२२०, चर्च स्वच्छ आणि सुंदर ठेवा, हे सगळ्यांना तोंडपाठ. कॅनन १२१६, दुरुस्ती करताना जाणकारांचा सल्ला घ्या, हे कुणी ऐकलेलंच नसतं. आणि कॅनन ११८९, जुन्या किंवा मौल्यवान मूर्तीला लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हे मी वाचून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "हात कुठे लावला, ब्रश लावला." संतांचे गाल ऑइल पेंटने इतके गुलाबी झाले होते की हुतात्मा होण्याऐवजी लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते.

पण खरा वैरी सिमेंट. जुनी भिंत चुन्यात बांधलेली, आत शिरलेली ओल ती चुन्यातून बाहेर सोडते. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ओल आतच कोंडते, मग क्षार फुलतात, दगड भुगा होतो, वर लोक म्हणतात बघा भिंत किती कमजोर होती, बरं झालं सिमेंट केलं! हे मी इतक्या वेळा समजावलंय की घरचे आता मी तोंड उघडलं की "चुना" म्हणतात.

याच्या बरोब्बर उलटी जमात म्हणजे दगड उघडा करा म्हणणारे. त्यांना मी गोव्याची बॉम जेझू बॅसिलिका सांगतो. तिचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात काढला, तेव्हापासून जांभा दगड उघड्यावर पाऊस खातोय, आणि पर्यटक तो लाल रंगच मूळचा समजून फोटो काढतात. हे दगडवाले ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि विचारतात, "मग आतून तरी उघडा करूया?"

आणि या सगळ्यात ज्याची खरी गरज असते ते काम कुणालाच नको असतं. छपरावरची पन्हळ साफ करायला देणगीदार मिळत नाही, कारण पन्हळीवर पाटी लागत नाही. पाटी लागते ग्रॅनाइटवर, एलईडीच्या प्रभावळीवर, आपोआप वाजणाऱ्या घंटेवर. परवा मात्र चमत्कार झाला, ज्यांची प्रभावळ आम्ही नाकारली त्याच गृहस्थांनी पन्हळीचा सगळा खर्च देऊ केला. अट एकच, आईवडिलांच्या नावाची पाटी पन्हळीवरच हवी आणि ती खालून रस्त्यावरून वाचता यायला हवी. अक्षरं किती मोठी असावीत यावर आता उपसमिती नेमली आहे, आणि बाकी सगळ्यांनी पटकन खाली बघितल्यामुळे अध्यक्ष मी आहे.