शेवटच्या रात्रीचं वाक्य कुणाचं?

सांगलीत, विश्रामबागेतल्या एका वाचक मंडळानं अलीकडे खून झालेली अमेरिकी नटी शेरॉन टेट हिचं चरित्र वाचायला घेतलं आणि मतं चार बाजूंना पांगली. कुणाला खुनाची पानं फार झाली असं वाटलं, तर कुणाला नेमकं तेच प्रकरण सगळ्यात जिवंत वाटलं. त्या रात्रीचे संवाद वाचून झोप उडाली, असं त्यांचं म्हणणं. काहींनी विचारलं, बाई गेल्यावर पुढे आईवर आणि बहिणींवर एवढं लिहायचं कशाला? आणि वय-शिक्षण काहीही असो, जवळजवळ सगळ्यांच्या बोलण्यात एक काळजी होती, की आपल्याकडे असं पुस्तक कुणी लिहिलं तर घरचे कोर्टात खेचतील. हा खून ज्या शहरात झाला तिथे, लॉस एंजेलिसला राहून ही मतं वाचताना वाटतं, की यातला एक आक्षेप पटण्यासारखा आहे, एकाला उत्तर आहे, एका काळजीत अर्धंच तथ्य आहे आणि जे प्रकरण सगळ्यात जास्त आवडलं त्याच्यावरच सगळ्यात कमी विश्वास ठेवायला हवा.

प्रकरण थोडक्यात असं. शेरॉन टेट, जन्म १९४३. वडील अमेरिकी लष्करात अधिकारी, त्यामुळे बालपण बदल्यांत गेलं, काही वर्षं इटलीत. ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ या चित्रपटासाठी गोल्डन ग्लोबचं नामांकन. १९६८च्या जानेवारीत लंडनला दिग्दर्शक रोमन पोलान्स्कीशी लग्न. ९ ऑगस्ट १९६९ला मध्यरात्र उलटल्यावर सिएलो ड्राइव्हवरच्या भाड्याच्या घरात चार्ल्स मॅन्सन या पंथप्रमुखाच्या टोळीनं तिचा आणि आणखी चौघांचा खून केला. ती २६ वर्षांची होती, बाळंतपण दोन आठवड्यांवर आलं होतं. नवरा तेव्हा लंडनमध्ये होता.

आता ते संवाद. कुठल्याही चरित्रात त्या रात्रीचं पान उघडा आणि प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहा: हे सांगायला कोण जिवंत होतं? मुख्य घरात आणि अंगणात सापडलेले पाचही जण मेले. मागच्या पाहुणेघरात विल्यम गॅरेटसन नावाचा राखणदार पोरगा होता. तो वाचला, पण त्यानं काही ऐकलं नसल्याचं पोलिसांना सांगितलं. पोलिसांनी आधी त्यालाच धरलं होतं, मग सोडून दिलं. लिंडा कसाबियन बाहेर पहाऱ्यावर होती. माफीची साक्षीदार म्हणून तिची साक्ष खटल्यात सगळ्यात वजनदार ठरली, पण तिनं पाहिलं ते घराबाहेरचं. म्हणजे बैठकीच्या खोलीत शेरॉन काय बोलली, कुणाला विनवलं, शेवटचा शब्द कोणता, हे सांगणारे उरले फक्त तिचे मारेकरी: टेक्स वॉटसन, सुझन अॅटकिन्स, पॅट्रिशिया क्रेनविंकल.

त्यात अॅटकिन्सची गोष्ट मुळातून पाहण्यासारखी आहे. तिनं आधी तुरुंगात सोबतच्या बायकांपुढे बढाई मारली. मग डिसेंबर १९६९मध्ये ग्रँड ज्यूरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, सांगितलं. त्याच महिन्यात तिची कहाणी विकली जाऊन वर्तमानपत्रात आली. पुढे तिनं तिचंच म्हणणं फिरवलं, की शेरॉनला मी नाही, वॉटसननं मारलं. ज्या बाईनं स्वतःच्या हातातल्या सुऱ्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या, तिच्याच तोंडून आलेलं शेरॉनचं वाक्य चरित्रात अवतरणचिन्हांत छापलं जातं आणि सांगलीतल्या वाचकाला ते शेरॉनचं वाटतं. ते मारेकऱ्याचं आहे. कधी फुशारकी म्हणून सांगितलेलं, कधी सरकारी वकिलांशी झालेल्या बोलणीचा भाग म्हणून, आणि पुढे पॅरोल मंडळासमोर (कैद्याला कायमचं सोडायचं का हे ठरवणारं मंडळ) पश्चात्ताप दिसावा म्हणून. डॉक्टर थॉमस नोगुची यांचा शवविच्छेदन अहवाल जखमा सांगतो, त्यांचा क्रम काही प्रमाणात सांगतो, पण बोलणं सांगत नाही.

म्हणून पुस्तकातल्या संदर्भाच्या टिपा चाळा. टिपाच नसतील तर त्या प्रकरणातले संवाद कादंबरी म्हणून वाचावेत. टिपा असतील तर तारीख बघायची. ९ ऑगस्ट ते १ डिसेंबर १९६९ ही मधली पावणेचार महिन्यांची पट्टी वेगळी काढून ठेवावी. आरोपी कोण हे पोलिसांनी १ डिसेंबरला जाहीर केलं. तोवर वर्तमानपत्रांनी पोकळी भरली ती मेलेल्यांच्याच अंगावर चिखल टाकून: नशापाणी, काळी जादू, विचित्र मेजवान्या. शेरॉननं ‘आय ऑफ द डेव्हिल’मध्ये चेटकिणीसारखी भूमिका केली होती, तेवढं भांडवल त्यांना पुरलं. चरित्रकार तिच्या सवयींबद्दल त्या महिन्यांतल्या बातमीचा आधार देत असेल आणि दुसरा आधार नसेल, तर ते वाक्य सरळ खोडावं. पन्नास वर्षांनंतरही काही पुस्तकांत ती अफवा ‘असं म्हणतात’ची शाल पांघरून बसलेली आहे.

खुनाची पानं जास्त झाली, हा आक्षेप मला पटतो, आणि तो मोजून बघता येतो. विषयसूची काढा, तिच्या चित्रपटांच्या नावांपुढे किती पानांचे आकडे आहेत आणि मॅन्सनच्या नावापुढे किती, ते बघा. नाव असलेल्या भूमिका मोजक्या सहा-सात. ‘द रेकिंग क्रू’मध्ये तिनं विनोदी काम केलं, मारामारी शिकवायला ब्रूस ली होता. तिची विनोदाची जाण कशी होती, एखाद्या दृश्यात ती नेमकं काय करते, हे लिहायला पडदा पुरेसा आहे, साक्षीदाराची गरजच नाही. तिच्या आयुष्यातली सगळ्यात खात्रीची सामग्री म्हणजे तिचे चित्रपट. ज्या चरित्रात तेच दीड पानात उरकलंय, ते चरित्र तिचं नाही.

नवऱ्याबद्दल एका वाचकाचा राग होता, की १९७७मध्ये अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात पोलान्स्कीनं गुन्हा कबूल केला आणि १९७८मध्ये देश सोडून पळाला, हे पुस्तकात का नाही. यायला हवं होतं. शेरॉनचं आयुष्य त्यातून उलगडत नाही, पण तिच्याबद्दल तो जे सांगतो ते किती तोलून घ्यायचं, यासाठी वाचकाला ते माहीत पाहिजे.

आईवरच्या पानांचा आक्षेप मात्र इथला कायदा माहीत नसल्यानं येतो. मॅन्सन आणि त्याच्या साथीदारांना १९७१मध्ये देहदंडाची शिक्षा झाली. फेब्रुवारी १९७२मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं देहदंडच रद्द ठरवला आणि सगळ्यांची शिक्षा जन्मठेपेवर आली. खुनासाठी पॅरोलशिवाय जन्मठेप ही तरतूद त्या वेळी नव्हती, त्यामुळे ठरावीक वर्षांनी प्रत्येकाची पॅरोल सुनावणी लागायला लागली. १९८२मध्ये टोळीतल्या लेस्ली व्हॅन हाउटनला सोडा म्हणून सह्यांची मोहीम निघाल्याचं कळल्यावर शेरॉनची आई डोरिस टेट उठल्या आणि विरोधात साडेतीन लाखांवर सह्या गोळा केल्या. त्याच वर्षी मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यानं बळी पडलेल्यांच्या कुटुंबाला सुनावणीत बोलायचा हक्क मिळाला, आणि १९८४मध्ये डोरिस वॉटसनसमोर बसून बोलल्या. १९९२मध्ये त्या गेल्या. मग पॅटी, आणि तीही गेल्यावर डेब्रा, ही जबाबदारी बहिणींनी उचलली. अॅटकिन्स २००९मध्ये आणि मॅन्सन २०१७मध्ये कैदेतच मेले. व्हॅन हाउटन २०२३मध्ये सुटली. ती शेरॉनच्या घरी नव्हती, दुसऱ्या रात्री याच टोळीनं केलेल्या ला बियांका दांपत्याच्या खुनात होती. एवढी दशकं चाललेलं हे काम शेरॉनच्या चरित्रातून वगळलं तर पुस्तक ऑगस्ट १९६९लाच संपतं आणि शेवटचा शब्द मारेकऱ्यांकडे राहतो.

आपल्याकडे जन्मठेपेतली सूट हे सरकारचं काम. देहदंडही होऊ शकला असता अशा गुन्ह्यात किमान चौदा वर्षं आत काढावी लागतात, सरकार शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचं मत मागवतं. पण मयताच्या आईनं समोर बसून बोलावं असा ठरलेला दिवस त्या वाटेवर नाही. म्हणून आपल्या चरित्रांत असं प्रकरण येत नाही, आणि ते आलं की सांगलीच्या वाचकाला उपरं वाटतं.

आता कोर्टाची भीती. अमेरिकेत मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही. तो दावा माणसाबरोबर संपतो. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये (पूर्वीचं ४९९) मृताबद्दलचा मजकूरही बदनामी ठरू शकतो. अट दोन पदरी आहे: ती व्यक्ती जिवंत असती तर तिच्या नावाला बट्टा लागला असता, आणि कुटुंबाला दुखवण्याचा हेतू होता. हेतू हा शब्द महत्त्वाचा. सर्वोच्च न्यायालयानं १९९४मध्ये आर. राजगोपाल खटल्यात न्यायालयीन कागदपत्रांवर आधारित लिखाणाला मोकळीक दिली, लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं नाव मात्र त्यातून वगळून. २०२३मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं, की खासगीपणाचा हक्क त्याच्याबरोबर संपला, वारसाला मिळत नाही. म्हणजे कागदाला धरून लिहिणाऱ्याला वाट आहे. कागद मिळवायलाच चिकाटी लागते.

हे सांगायचं कारण प्रिया राजवंश. ‘हकीकत’ (१९६४) आणि ‘हीर रांझा’ (१९७०)ची नायिका, २७ मार्च २००० रोजी मुंबईत जुहूच्या बंगल्यात तिचा खून झाला. २००२मध्ये सत्र न्यायालयानं चौघांना जन्मठेप दिली आणि प्रकरण अपिलात गेलं. शेरॉनच्या खटल्यात जे नव्हतं ते इथे आहे: प्रियानं स्वतःच्या हातानं लिहिलेल्या नोंदी आणि दिग्दर्शक विजय आनंद यांना लिहिलेलं पत्र सरकार पक्षानं पुरावा म्हणून दाखल केलं. आपल्याला भीती वाटते, हे तिनं स्वतः लिहून ठेवलं होतं.

मराठी वाचकाला नटीच्या तोंडून नटीचं ऐकायची सवय आहे. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’, दुर्गा खोट्यांचं ‘मी दुर्गा खोटे’, शांता हुबळीकरांचं ‘कशाला उद्याची बात’. या बायका स्वतः बोलल्या, म्हणून त्यांच्या पुस्तकात कुणाची साक्ष तपासावी लागत नाही. खून झालेल्या नटीला ती संधी मिळत नाही, आणि म्हणूनच तिच्या हस्ताक्षरातला एखादा कागद शंभर पानांच्या ‘आठवणीं’पेक्षा मोलाचा.

मराठीत प्रियाचं चरित्र कुणाला लिहायचं असेल तर सुरुवात निकालपत्रापासून व्हावी. खटल्याशी संबंध नसलेल्यानं प्रमाणित प्रत मागताना कारण लिहून न्यायालयाची परवानगी घ्यायची असते. ‘अभ्यासासाठी’ एवढंच लिहिलं तर अर्ज पडून राहण्याची शक्यता मोठी. कुठल्या निशाणी क्रमांकाचं (पुराव्याला न्यायालयात मिळालेला क्रमांक) कागदपत्र, कशासाठी, हे स्पष्ट हवं. पत्र आणि नोंदी सबंध छापायच्या तर अडचण कॉपीराइटची आहे: कागद ज्याच्याकडे गेला त्याचा, पण शब्दांवरचा हक्क लिहिणारीच्या वारसांकडे. निकालपत्र मात्र न्यायालयानं मनाई केली नसेल तर छापता येतं. म्हणजे न्यायाधीशानं निकालात तिच्या पत्रातल्या ज्या ओळी उतरवल्या असतील, तेवढ्या ओळी निकालातून घेऊन पहिल्या पानावर टाकता येतील, तिच्या नावानं.