दप्तर न उघडता दप्तरशास्त्री कसे व्हावे

मुलाला अभिलेखशास्त्रात, म्हणजे जुने कागद जपायच्या शास्त्रात, प्राध्यापक करायचंय म्हणता, भाऊ? करा की. फक्त एक पथ्य पाळायला सांगा: जुन्या कागदाला हात लावायचा नाही.

हात लावणाऱ्यांची गत धुळ्यात कळते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले आणि १९२६ साली धुळ्यातच गेले. पुढच्याच वर्षी तिथं त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं, हे खरं. पण आज ते मुलाखतीला आले असते तर? नेट परीक्षा नाही, पीएच.डी. नाही, वर लिहीन तर मराठीतच हा हट्ट. तासिका तत्त्वावरसुद्धा कुणी घेतलं नसतं.

तेव्हा प्रबंधाचा विषय 'खानदेशातील अभिलेखांचे डिजिटायझेशन: एक चिकित्सक अभ्यास' असाच हवा. जुन्या कागदांची मोडी लिपी शिकत बसू नका. ग्रंथपालांना प्रश्नावली पाठवा. ते बिचारे 'सहमत'वर खुणा करून देतात आणि निष्कर्ष आधीच टाइप करून ठेवता येतो: निधी अपुरा आहे.

फोटोपुरतं मात्र एकदा रेकॉर्ड रूममध्ये जावं लागेल. मे महिना नको. पारा ४५ वर आणि डोक्यावर पत्रा. लाल फडक्यातला रुमाल, म्हणजे कागदांचा गठ्ठा, सोडला की आधी कसर नावाची कीड पळते, मग कागदाची कड भाजक्या पापडासारखी बोटाला लागून येते. हातमोजे घाला. कागद हाताळायला स्वच्छ, कोरडे हात बरे असं जाणकार म्हणतात. पण जाणकारांना फोटो कुठं छापायचा असतो?

स्कॅनिंग ठेकेदाराला द्या. टिफ फाइल जतनासाठी चांगली, पण जागा फार खाते, जेपेग घ्या. फाइलीच्या वर्णनाला डब्लिन कोअर या ठरीव नमुन्याचे १५ रकाने असतात, त्यातला तारखेचा तेवढा भरा, तोही स्कॅन केल्याचा. म्हणजे पेशवाईतलं पत्र मागच्या मंगळवारी लिहिलेलं ठरतं. फाइलीत पुढं काही बिघडलं का, हे चेकसम, म्हणजे फाइलीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, सांगतो. न बघितलेलं बरं.

आमच्या कॉलेजात हे सगळं यथासांग झालं. फाइलींची नावं 'स्कॅन ०००१' पासून सुरू, फोल्डरचं नाव 'नवीन फोल्डर २'. हार्डडिस्क कपाटात, कपाटाची किल्ली निवृत्त झालेल्या क्लार्कच्या जुडग्यात. स्कॅन झालंच आहे म्हणून मूळ गठ्ठे दिवाळीच्या सफाईत रद्दीवाल्यानं नेले. मी तक्रार केली तर त्याच विषयावर मला चर्चासत्रात बीजभाषण दिलं. विषय होता 'शाश्वत जतन'.

फडकं तेवढं वाया गेलं नाही. लॅबमधले कॉम्प्युटर आता त्यानंच पुसतात.